एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी, सप्टेंबरमध्ये पूर : मराठवाड्याच्या पाण्याचं गणित आणि ते मांडणारे अभियंते

१२ एप्रिल २०१६च्या पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. तिच्या १० वाघिणींमध्ये मिरजेहून आणलेलं कृष्णेचं पाणी होतं, सुमारे ५ लाख लिटर. पिण्याचं पाणी ३४० किलोमीटरवरून रेल्वेनं आणावं लागलं, कारण लातूर शहराची तहान भागवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आदल्या महिन्यात तर पाणीसाठ्यांजवळ गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पुढं या 'जलदूत' गाडीच्या वाघिणी ५० झाल्या आणि तिच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालू राहिल्या.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तेच मांजरा धरण भरलं. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२१मध्ये, त्याचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि मांजरेकाठच्या गावांमधून माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०२५मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला, गावं पाण्याखाली गेली, माणसं दगावली, मदतीला लष्कर बोलवावं लागलं.

मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो : जिथं प्यायला पाणी नसतं, तिथंच पूर कसा येतो? आणि पुराचं पाणी उन्हाळ्यासाठी धरून का ठेवता येत नाही?

या प्रश्नाला गणिती उत्तर आहे. ते मांडण्याचं काम जलसंपदा अभियंते, जलशास्त्रज्ञ आणि पूर व्यवस्थापनातले तज्ज्ञ करतात. हे काम कसं चालतं, ते समजून घेऊ. कारण दुष्काळ आणि पूर ही आपल्याकडं दोन वेगळी संकटं नाहीत. एकाच पाण्याच्या हिशेबाच्या या दोन बाजू आहेत आणि तो हिशेब चोख ठेवणारी माणसं इथंच तयार व्हायला हवीत.

पाऊस तेवढाच, येवा वेगळा

लातूरला वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा वाळवंटाचा नाही. मग धरण का भरत नाही?

पडलेला सगळा पाऊस नदीत जात नाही. धरणात प्रत्यक्ष येणाऱ्या पाण्याला जलसंपदा विभागात 'येवा' म्हणतात. पाऊस आणि येवा यांच्यामध्ये जमीन असते, आणि मराठवाड्याची काळी जमीन फार वेगळी वागते. उन्हाळ्यात ती भेगाळते. जूनचा पहिला पाऊस या भेगांमध्ये आणि कोरड्या मातीत जिरतो. नंतरचा पाऊस नाले, पाझर तलाव, बंधारे, शेततळी भरण्यात जातो. धरणाच्या वाट्याला फार थोडं पाणी येतं. मात्र ऑगस्ट उलटेपर्यंत काळी माती फुगून भेगा मिटलेल्या असतात. ओली काळी माती पाणी अतिशय हळू शोषते. वरचे लहान तलावही तोवर भरत आलेले असतात. अशा वेळी पडलेल्या पावसाचा मोठा हिस्सा थेट नदीत धावतो.

आकडेमोड करून पाहू. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ हजार घनमीटर म्हणजे १० लाख लिटर पाणी होतं. मांजरा धरणाचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावरचं पाणी उतरून धरणाकडं येतं तो भाग, २ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. हिशेबापुरतं २ हजार धरलं, तर १०० मिलिमीटर पावसाचं पाणी होतं २०० दलघमी, म्हणजे २०० दशलक्ष घनमीटर. जूनमध्ये त्यातलं समजा १० टक्केच धरणात आलं, तर येवा २० दलघमी. सप्टेंबरमध्ये निम्मं आलं, तर १०० दलघमी. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी आहे. म्हणजे जूनच्या ज्या पावसानं धरणाचा तळही नीट झाकला नसता, तेवढाच पाऊस सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत पडला तर धरण निम्म्याहून जास्त भरतं.

मराठवाड्यात परतीच्या पावसाच्या सुमारास बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळं जोरदार सरी कोसळतात. सप्टेंबर २०२१मध्ये 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष इथवर पोचले होते. ओली जमीन, भरलेले तलाव आणि वरून मुसळधार पाऊस, हे तिन्ही एकत्र आलं की जूनमध्ये टँकर मागणारं गाव सप्टेंबरमध्ये बोटीची वाट पाहतं.

क्युसेक आणि दलघमी : आकडे डोळ्यांसमोर आणू

पावसाळ्यात बातम्यांमध्ये रोज 'विसर्ग' ऐकू येतो. विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. तो क्युसेकमध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर. साठा मात्र दलघमी किंवा टीएमसीमध्ये सांगतात. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २८.३ दलघमी.

आता जलदूत गाडीशी तुलना करू. ५० वाघिणींच्या गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी मावे. १ लाख क्युसेकचा पूर म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर. उन्हाळ्यात शेकडो किलोमीटरवरून जेवढं पाणी अख्ख्या गाडीनं यायचं, त्याहून जास्त पाणी अशा पुरात एका सेकंदात वाहून जातं. उलट बाजूनं पाहिलं, तर १ दलघमी पाण्यासाठी अशा ४०० फेऱ्या लागतात आणि मांजरेचा उपयुक्त साठा भरायला सुमारे ७० हजार. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढं होती. एका गाडीचं पाणी माणशी साधारण साडेसहा लिटर भरतं. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचं मानक धरतात.

रेल्वेनं जीव वाचवले, पण रेल्वे धरणाची जागा घेऊ शकत नाही, हे या आकड्यांतून कळतं. पुराचं पाणी एवढ्या वेगानं येतं की ते ऐन वेळी कुठं वळवू म्हणता येत नाही, हेही कळतं. जे करायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं.

नदी मोजायची कशी?

धरणातल्या पाण्याची पातळी पट्टीवर दिसते. वाहत्या नदीत सेकंदाला किती पाणी जातंय, हे मात्र दिसत नाही, काढावं लागतं. त्याचं सूत्र सोपं आहे : पाण्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. नदी ३०० मीटर रुंद, सरासरी ५ मीटर खोल आणि पाणी सेकंदाला २ मीटर वेगानं वाहत असेल, तर ३०० × ५ × २, म्हणजे सेकंदाला ३ हजार घनमीटर. हा साधारण १ लाख ६ हजार क्युसेकचा पूर झाला.

खरी अडचण मोजणीत आहे. नदीचा तळ सपाट नसतो आणि वेग सगळीकडं सारखा नसतो. पृष्ठभागावर पाणी वेगात असतं, तळाशी आणि काठाशी मंद. म्हणून नदीमापन केंद्रावरचे कर्मचारी नदीच्या रुंदीचे अनेक भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली आणि वेग मोजतात आणि बेरीज करतात. वेग मोजायला पाण्याच्या धारेनं फिरणारं चाकाचं यंत्र असतं. आता ध्वनिलहरी सोडून तळापर्यंतचा वेग एकदम टिपणारी उपकरणंही वापरतात. काहीच हाताशी नसेल, तर लाकडी तरंगा सोडून त्याचा वेग मोजतात आणि तो साधारण ०.८५ने गुणतात, कारण पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो.

अशी मोजणी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पातळ्यांना केली की एक आलेख तयार होतो : पाणी अमुक पातळीला असेल, तर विसर्ग तमुक. मग ऐन पुरात, रात्री दोन वाजता, नदीत उतरायची गरज पडत नाही. पुलाच्या खांबावरची पातळी वाचली की विसर्ग कळतो. नांदेडला गोदावरीच्या जुन्या पुलाजवळची धोका पातळी ३५४ मीटर आहे. ही उंची समुद्रसपाटीपासूनची असते. पावसाळ्यात नांदेडकर ज्या आकड्याकडं डोळे लावून बसतात, त्याच्यामागं अनेक पावसाळ्यांची ही शांत, चिकाटीची मोजणी उभी असते.

धरण भरायचं कधी, दरवाजे उघडायचे कधी?

पूर व्यवस्थापनातला सर्वांत अवघड निर्णय हाच आहे. तो समजायला घरातलं टिपाड आठवा. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात टिपाड भरलेलं असलं की जिवाला बरं वाटतं. पण टिपाड काठोकाठ भरलेलं असताना नळ सुटला आणि तो बंद करता येत नसेल, तर पाणी उंबऱ्यावरून शेजाऱ्याच्या दारात जाणार. नळ येईल या आशेनं टिपाड आधीच रिकामं केलं आणि नळ आलाच नाही, तर आठवडाभर घर कोरडं. धरणावरचा अभियंता रोज याच पेचात असतो. फरक एवढाच की त्याच्या टिपाडावर शहराचं पिणं आणि हजारो हेक्टर ऊस-सोयाबीन अवलंबून असतं, आणि शेजाऱ्याच्या दाराच्या जागी पन्नास गावं असतात.

हा निर्णय कुणाच्या अंदाजावर सोडत नाहीत. मोठ्या धरणासाठी जलाशय परिचालन आराखडा असतो. जुन्या अनेक वर्षांच्या येव्यांचा अभ्यास करून त्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेला पाण्याची पातळी साधारण कुठवर असावी. जुलैअखेर धरण पूर्ण भरू देत नाहीत, कारण पुढं पाऊस येण्याची शक्यता भरपूर असते आणि पुरासाठी जागा राखायची असते. सप्टेंबर सरत आला की पातळी वर जाऊ देतात, कारण आता पाऊस गेला तर पुन्हा वर्षभर येणार नाही.

पण मराठवाड्यात या आराखड्याची कसोटी लागते. सह्याद्रीतल्या धरणाला खात्री असते की जुलैत सोडलेलं पाणी ऑगस्टमध्ये परत मिळेल. मांजरेला ती खात्री नाही. तिथं भरलेलं धरण पुन्हा कधी भरेल, सांगता येत नाही. आणि इथं जोरदार पाऊस अनेकदा ऐन सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणजे नेमका जेव्हा धरण भरून ठेवावंसं वाटतं तेव्हा. म्हणूनच इथं पावसाचा दोन-तीन दिवस आधीचा चांगला अंदाज सोन्याच्या मोलाचा ठरतो. पाणलोटात पाऊस पडल्यावर पाणी धरणाशी पोचायला काही तास लागतात. पाणलोटात पुरेसे पर्जन्यमापक असतील आणि त्यांचे आकडे दर तासाला येत असतील, तर अभियंता दरवाजे हळूहळू, लवकर आणि कमी उघडू शकतो. आकडे उशिरा आले, तर तेच दरवाजे एकदम आणि जास्त उघडावे लागतात, आणि खालच्या गावाला आवरायला वेळ मिळत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. पूर ताशी ६ किलोमीटर वेगानं सरकतो असं धरलं, तर २०० किलोमीटर खालच्या गावाला ३३ तास मिळतात आणि १२ किलोमीटर खालच्या गावाला फक्त दोन. पहिल्या गावाला फोन पुरतो. दुसऱ्या गावासाठी भोंगा, दवंडी आणि आधीच ठरवलेली उंचावरची जागा हवी.

नांदेडचा प्रश्न : खालून अडणारं पाणी

लातूरचा प्रश्न वरून येणाऱ्या पाण्याचा आहे. नांदेडला त्यात आणखी एक गुंता आहे.

नांदेडच्या वर गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांच्या नावावरून 'शंकरसागर' म्हणतात. उपसा सिंचनाचा हा प्रकल्प आहे. त्याच्याही वर पैठणचं जायकवाडी धरण आहे. त्याचा एकूण साठा सुमारे २ हजार ९०० दलघमी. शिवाय सिंदफणेवर माजलगाव, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. या सगळ्यांचं पाणी नांदेडकडं येतं. विष्णुपुरीत मावतं सुमारे ८० दलघमी. १ लाख क्युसेकचा पूर आला, तर रिकामी विष्णुपुरीसुद्धा आठ तासांत भरेल. म्हणून पुराच्या वेळी तिथं पाणी अडवण्याचा प्रश्नच येत नाही. आलं तेवढं पुढं सोडायचं आणि शहराला वेळेवर सांगायचं, एवढंच हाती असतं. त्यामुळं वरच्या चार-पाच धरणांचे विसर्ग एकाच वेळी नांदेडला पोचू नयेत, हे बघणं हे खरं कौशल्य. एका धरणानं सहा तास आधी आणि दुसऱ्यानं सहा तास नंतर पाणी सोडलं, तर पुराचा माथा कमी होतो. पाणी तेवढंच जातं, पण एकदम जात नाही.

गुंता पुढं आहे. नांदेड जिल्ह्याच्या खाली तेलंगणात पोचमपाडचं श्रीराम सागर धरण आहे. ते भरलं की त्याचं पाणी मागं चढत येतं. या मागं चढणाऱ्या पाण्याला 'फुगवटा' म्हणतात. नदीच्या पाण्याला पुढं उतार उरला नाही की ते मंदावतं आणि पातळी वाढते. मग गोदावरीला मिळणाऱ्या लहान नद्या आणि नाले आपलं पाणी नदीत टाकू शकत नाहीत. नांदेडमध्ये पाऊस थांबला तरी नावघाट, गोवर्धन घाट आणि काठच्या सखल वस्त्यांमधलं पाणी ओसरत नाही, त्याचं कारणही असंच : नाल्याच्या तोंडाशी गोदावरी उंच उभी असते.

पुराला राज्याची सीमा नसते. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१३मध्ये निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे असतात. मांजरा तर बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर, कर्नाटक, तेलंगणा असा ७०० किलोमीटरहून जास्त प्रवास करून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. लातूरच्या अभियंत्यानं उघडलेल्या दरवाजाचं पाणी तीन राज्यं पाहतं. म्हणून या कामात शेजारच्या राज्यातल्या अभियंत्याचा फोन नंबर हे बांधकामाच्या आराखड्याइतकंच महत्त्वाचं साधन आहे.

ऑगस्ट २०२५च्या त्या पुरात मुखेडच्या लेंडी प्रकल्पानं आणखी एक गोष्ट शिकवली. धरणात पाणी साठायला लागलं होतं आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांमध्ये माणसं राहत होती. अशा वेळी अतिवृष्टी झाली, तर सर्वांत मोठा धोका धरणाच्या खाली नसतो, वर असतो. भिंतीचं काम आणि माणसांचं पुनर्वसन ही एकाच वेळापत्रकातली कामं आहेत. हे ज्याला उमगतं, तोच पुरता अभियंता.

'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे किती वेळा?

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये निर्बंध असतात.

यात एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, २००६च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला म्हणजे आता नांदेड शंभर वर्षं निर्धास्त. तसं नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे ज्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते असा पूर. तो लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. कुणी ३० वर्षांचं कर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तेवढा पूर येण्याची शक्यता २६ टक्के निघते. घर निळ्या रेषेवर असेल, तर ७१ टक्के. प्लॉट घेण्याआधी या दोन टक्केवाऱ्या माहीत असत्या, तर अनेक कुटुंबांनी वेगळी जागा निवडली असती.

हे आकडे जुन्या नोंदींवर बेतलेले असतात. पावसाची पद्धत बदलत चालली, थोड्या वेळात जास्त पाऊस कोसळू लागला, तर कालची शंभर वर्षांची रेषा उद्या पन्नास वर्षांची ठरू शकते. म्हणून पूररेषा एकदा आखून फाइलीत ठेवायची गोष्ट नाही, ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर सरकारनं तटबंदी नुसती उंच करण्याऐवजी अनेक ठिकाणी मागं सरकवली आणि नदीला पसरायला जागा परत दिली. आपल्याकडं हेच काम निळी रेषा पाळून फार स्वस्तात होतं.

ही परंपरा आपलीच आहे

नांदेड आणि लातूर एकेकाळी हैदराबाद संस्थानात होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरानं हैदराबादेत हजारो माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर निजामानं बोलावलं ते पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. त्यांनी शहराच्या वर पुराचं पाणी थोपवणाऱ्या जलाशयांची योजना मांडली. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. पूर रोखणारे हेच तलाव पुढं शहराला पाणी पाजू लागले. पूर आणि तहान यांचा हिशेब एकत्र मांडण्याचा हा उत्तम नमुना आहे. पुढं १९२३ ते १९३१ या काळात संस्थानाचे अभियंते नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली लातूरकडून वाहत जाणाऱ्या मांजरेवरच निजामसागर बांधलं गेलं.

आपल्या काळात महाराष्ट्राचे अभियंते माधवराव चितळे यांना १९९३मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९मध्ये राज्याच्या पाण्याचा खोरेनिहाय लेखाजोखा मांडला.

हे काम कुठं आणि कसं मिळतं?

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्यची तीन वर्षांची पदविका घेता येते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं अशी तंत्रनिकेतनं आहेत. बारावी विज्ञानानंतर सीईटी देऊन स्थापत्यची पदवी घेता येते. नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१पासून विष्णुपुरीतच आहे. गोदावरीवरचं धरण आणि अभियांत्रिकीचा वर्ग इतके जवळ फार थोड्या विद्यार्थ्यांच्या नशिबी येतात.

पदविका किंवा पदवीनंतर जलसंपदा विभागात कनिष्ठ अभियंता होता येतं. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून थेट सहायक अभियंता म्हणून प्रवेश मिळतो. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून केंद्रीय जल आयोगात जाता येतं. देशभरातल्या नद्यांचे पूर अंदाज हाच आयोग देतो. धरणावर आणि कालव्यावर प्रत्यक्ष राबणाऱ्या स्थापत्य अभियांत्रिकी सहायक, कालवा निरीक्षक, मोजणीदार या पदांचीही भरती होते, आणि पाण्याचा खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

स्थापत्यखेरीजही वाटा आहेत. भूशास्त्र शिकलेल्यांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम मिळतं. लातूरच्या बेसाल्ट खडकात कुठं बोअर घ्यावा आणि कुठं घेऊ नये, हे सांगायला तेच लागतात. कृषी अभियंत्यांना मृद व जलसंधारणाची कामं मिळतात. संगणक आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना पूर अंदाजाच्या प्रतिमानांवर काम करता येतं. पुढच्या शिक्षणासाठी आयआयटी रुरकीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यातून खरं पाणी सोडून पाहतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) या राज्याच्या संस्था आहेत.

मागणी वाढणार आहे, याचं एक कारण कायद्यात आहे. देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. धरण सुरक्षा कायदा, २०२१नुसार मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं, धरणाला धोका झाल्यास काय करायचं याचा आपत्कालीन आराखडा तयार ठेवणं बंधनकारक आहे. धरणं म्हातारी होत आहेत आणि शहरं त्यांच्या पायथ्याशी सरकत आहेत. नवी भिंत बांधणाऱ्यांइतकीच आता जुनी भिंत जपणाऱ्यांची आणि पाण्याचा अंदाज बांधणाऱ्यांची गरज आहे.

चौकट : थोडक्यात

• येवा : धरणात प्रत्यक्ष येणारं पाणी. तेवढ्याच पावसाचा येवा जूनमध्ये कमी, सप्टेंबरमध्ये जास्त, कारण काळी जमीन तोवर भिजून फुगलेली असते.
• विसर्ग : सोडलेलं किंवा वाहतं पाणी, क्युसेकमध्ये. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.
• साठा : दलघमीत. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर.
• फुगवटा : खाली अडलेल्या पाण्यामुळं नदीत मागं चढणारी पातळी.
• निळी रेषा : २५ वर्षांतून एकदा. लाल रेषा : १०० वर्षांतून एकदा.
• प्रवेशाच्या वाटा : पदविका, पदवी, भूशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, संख्याशास्त्र व संगणक.
• घरी शिकता येईल असं : क्यूजीआयएस (नकाशे) आणि एचईसी-आरएएस (नदीतल्या प्रवाहाचं गणित). दोन्ही संगणक-प्रणाली मोफत मिळतात.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना

अकरावी-बारावीची शिकवणी लावायला राज्यभरातून मुलं लातूर आणि नांदेडला येतात. अभ्यासाच्या या 'लातूर पॅटर्न'नं अनेक घरांत डॉक्टर आणि संगणक अभियंते घडवले. त्याच शहरांना पाण्यानं सर्वांत जास्त छळलं आहे, आणि पाण्याचं शिक्षण घ्यायचं मात्र फार थोड्या मुलांच्या मनात येतं. स्थापत्य म्हणजे उन्हातान्हात सिमेंट मोजणं, अशी समजूत त्याच्या आड येते. प्रत्यक्षात या कामात भौतिकशास्त्र आहे, संभाव्यतेचं गणित आहे, उपग्रहाच्या प्रतिमा आहेत, कायदा आहे आणि गावकऱ्यांशी बसून बोलण्याची कला आहे.

ज्याला गणित आवडतं आणि आपल्या गावाची काळजी आहे, त्यानं प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एकदा परवानगी घेऊन जवळच्या धरणावर जावं. तिथल्या अभियंत्याला आजचा येवा किती, विसर्ग किती, आणि तो कुणी, कसा ठरवला, एवढं विचारावं. पालकांनीही मुलीला 'हे बाईमाणसाचं काम नाही' असं म्हणून अडवू नये. नदी मोजायला आणि दरवाजाचा निर्णय घ्यायला चोख बुद्धी आणि धीर लागतो, तो मुलींमध्ये काही कमी नसतो. मराठवाड्याच्या पाण्याचा हिशेब बाहेरच्या कुणी येऊन मांडण्याची वाट पाहण्यात आपली फार वर्षं गेली. तो आता इथल्या मुलामुलींनी हातात घ्यावा.